मान जाड नको

गिटारला मान असते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं आणि त्यापायी आमच्या शीतलचं लग्न मोडता मोडता राहिलं. तोवर माझा आणि गिटारचा काडीचा संबंध नव्हता. ते वाद्य मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्याच्या गळ्यात पाहिलेलं, तेही मागच्या रांगेतून. वाजवणारा पोरगा दर वर्षी नापास व्हायचा आणि सगळ्या मुली त्याच्याकडेच बघायच्या, एवढंच माझं गिटारविषयीचं ज्ञान.

शीतलचं जमलं ते गंगापूरच्या माणिकरावांच्या अमोलशी. दोघं वाळूजला एकाच कंपनीत. एकमेकांना पसंत त्यांनीच केलेलं, आमच्याकडं फक्त कांदेपोहे करायचं काम राहिलेलं. माणिकराव म्हणजे ऊस, कापूस, पाण्याच्या विहिरी आणि या सगळ्यावर ठेवलेली एक मान. माणूस वाईट नाही, पण मान अशी जाड की शर्टाचं वरचं बटण लावायचा नाद त्यांनी कधीच सोडून दिलेला. गारखेड्यात आमच्या घरी बैठक झाली, तेव्हा सुपारी फुटण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं.

"आम्हाला काय बी नको. हुंडा नको, गाडी नको. मान तेवढा राखा."

'आम्हाला काही नको' हे शब्द कानावर पडले की मुलीच्या बापानं खुर्चीचा हात घट्ट धरावा, कारण खरं मागणं त्यानंतर सुरू होतं. मानाचे फेटे आले, मानाचे आहेर आले, आत्याचा मान आला, मामाचा मान आला आणि कोणा एका चुलत आजोबांचासुद्धा मान आला (आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मान मात्र अजून हिंडता-फिरता होता). मी सगळ्याला मान डोलवली. तेव्हा ती डोलत होती.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण आता लग्नात 'संगीत' नावाचा एक प्रकार निघालाय. संगीत म्हणजे गाणंबजावणं नव्हे. हळदीच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी स्टेजवर चढायचं आणि जन्मभर सांभाळलेली अब्रू पाहुण्यांसमोर ओवाळून टाकायची, त्याला संगीत म्हणतात. आमच्या वेळी बँडवाला वाजवायचा आणि आम्ही जेवायचो. आता बँडवाला जेवतो.

तर अमोलचे मामा, म्हणजे माणिकरावांचे मेहुणे बबनराव, मिशीवरून बोट फिरवत म्हणाले की आमची सगळी पोरं नाचणार आहेत, मी स्वतः ढोलकी वाजवणार आहे, तुमच्याकडून कोण काय करणार? आमच्याकडून म्हणजे मी. माझी बायको सुनंदा माझ्याकडं बघून हसली. तसं ती नेहमीच हसते, पण पाहुण्यांसमोर हसली ते मला लागलं.

"आमच्याकडचं त्या दिवशी बघालच तुम्ही," मी म्हणालो.

आता यात काय वावगं होतं? पण हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते माझ्याच गळ्यात आलं.

पाहुणे गेल्यावर सुनंदानं विचारलं की काय बघणार आहेत ते तुमचं. मी गूढ हसलो. गूढ हसलो कारण मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळी फर्दापूरला फोन लावला. तिथं सुनंदाचा भाऊ दिलीप राहतो. अजिंठ्याच्या पर्यटकांसाठी त्याचा लहानसा लॉज आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गोरा पाहुणा जाताना त्याच्याकडं गिटार विसरून गेला आणि त्या दिवसापासून दिलीप संगीतातला जाणकार झाला. लॉजवर पाणी येत नाही, गाद्यांत ढेकूण आहेत, पण मालक कॉर्ड वाजवतो.

"दाजी, गिटार घ्या," तो म्हणाला. "लई सोप्पं असतं. तीन कॉर्ड आले की पाह्यजे ते गाणं वाजवा. फकस्त घेताना मान बघून घ्या."

मान म्हणजे तो लांब दांडा, डाव्या हातात धरायचा, ज्यावर तारा दाबायच्या असतात. नवशिक्याला मान हाताजोगी मिळाली नाही तर बोटं दुखतात, मनगट अवघडतं आणि गिटार माळ्यावर जाते, असं त्यानं समजावलं. (त्याची स्वतःची माळ्यावरच होती, हे मला नंतर कळलं.) आधी घरातल्या वस्तू मुठीत धरून बघा, कुठली जाडी हाताला बरी वाटते ते ठरवा, असाही सल्ला त्यानं दिला.

माझा डावा हात हा काही वाद्यासाठी घडवलेला हात नाही. बोटं आखूड, जाड आणि एकमेकांना चिकटून राहणारी. साखरपुड्याच्या वेळी सोनारानं माझं बोट बघून नुसताच सुस्कारा सोडला होता. तरी मी नेटानं कामाला लागलो. केरसुणीचा दांडा धरून बघितला, बॅट धरून बघितली, लाटणं धरून त्यावर चार बोटं टेकवून डोळे मिटले. सुनंदा मागं उभी होती.

"आता लाटण्याची नाडी बघायलाव का?" तिनं विचारलं.

तिला खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर गिटार आलीच नसती, आणि मग त्या दिवशी माणिकराव काय बघणार होते? मी ठरवलं, कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एकदम स्टेजवरच जायचं.

संधी सुनंदानंच दिली. मानाचे फेटे बघायला तिनं मला गुलमंडीत पाठवलं. फेट्यांच्या दुकानाला लागूनच अन्वरभाईंचं वाद्यांचं दुकान आहे. दोन्ही दुकानांना ओटा एकच. मी फेट्यांकडं बघितलं न बघितलं आणि शेजारी वळलो. अन्वरभाई पेट्यांच्या आणि तबल्यांच्या गर्दीत चहा पीत बसले होते. गिटार कोणासाठी, पोरासाठी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो माझ्यासाठी. त्यांनी मला टकलापासून चपलेपर्यंत निवांत बघून घेतलं, मग चहा संपवला, मग परत एकदा बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "बैठो. पहले नेक देखो साब."

मी म्हणालो, नेक आहे ते उत्तमच, तुमच्या दुकानाच्या इमानदारीवर माझा अजिबात संशय नाही, पण हाताला कशी बसते ते सांगा. अन्वरभाईंनी कपाळाला हात लावला.

"गर्दन, साब. इसको नेक बोलते. गर्दन पकडो."

पहिल्या गिटारची मान मी धरली, ती कुदळीच्या दांड्याइतकी जाड निघाली. अंगठा मागं ठेवून बोटं पुढं न्यायची असतात. माझी बोटं मधल्या तारेपर्यंत गेली आणि तिथंच बसली. दुसरीची मान रुंद, त्यावर माझा हात पाटावर ठेवलेल्या लिंबासारखा दिसत होता. तिसरीच्या मानेला मागून कणा, तो तळव्यात रुतत होता. अन्वरभाई एकेक गिटार खुंटीवरून काढत होते आणि प्रत्येक वेळी माझ्या बोटांकडं अशा नजरेनं बघत होते की जणू ती मी घरून चुकीची आणली होती. शेवटी बारीक मानेची एक निघाली. पण बारीक मान लवकर वाकडी होते का, हा प्रश्न मला पडला. अन्वरभाई म्हणाले, डरो नक्को, अंदर लोहे की सलाख रहती, टेढी हुई तो पाना घुमाओ, सीधी होती. माझा विश्वास बसेना. दुकानदाराचं खरं मानायला मी काय काल जन्मलो होतो का? मी दिलीपला फोन लावला.

फर्दापूरला दिलीपच्या लॉजवर आवाज पोचत नाही, पोचवावा लागतो. त्यातून दुकानात एक गिऱ्हाईक ताशा वाजवून बघत होतं. म्हणून मी बाहेर ओट्यावर आलो. शेजारच्या गादीवर कोणीतरी फेटा बांधून घेत बसलं होतं. कापड कपाळावरून नाकापर्यंत आलेलं, चेहरा दिसत नव्हता. मला त्याच्याशी काय करायचं होतं? मी एका कानावर हात ठेवला आणि छाती भरून बोलायला लागलो.

"दिलीप, ऐकू येतंय का? अरे, मान जाड नको! जाड मान आपल्याला झेपायची नाही!"

दिलीपनं काहीतरी विचारलं.

"बघितली ना! मुठीत मावत नाही. मान कशी, एका हातात आली पाहिजे. बारीक असली की दाबायला सोपं!"

त्यानं आणखी काही विचारलं.

"वाकडी निघाली तर काळजी नाही! मानेत सळई असते म्हणे. पान्यानं पिळली की सरळ येते!"

आणि शेवटी, त्याला बजावायचं म्हणून:

"हे लग्नाआधी कोणाला कळता कामा नये! एकदम स्टेजवरच!"

फोन ठेवून वळलो तर फेटेवाला कापडाचं एक टोक हातात धरून एकटाच उभा होता. दुसरं टोक पायऱ्यांवरून खाली रस्त्यापर्यंत लोंबत होतं. गिऱ्हाईक अर्ध्या फेट्यानिशी उठून गेलेलं. हल्ली लोकांना काही रीतभात राहिली नाही, वस्तू बघायची आणि न घेता पळायचं, असं मी फेटेवाल्याला म्हणालो. मग आत जाऊन बारीक मानेची गिटार बांधून घेतली आणि घरी आलो. फेटे विसरलो. सुनंदाला सांगितलं की चांगला माल आलेला नाही.

गिटार मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं लपवली. रोज सकाळी झाडांना पाणी घालायचं निमित्त करून वर जायचो (झाडं दोन, आणि त्यांतलं एक प्लॅस्टिकचं). दिलीपनं फोनवरून बोटं कुठं ठेवायची ते सांगितलं होतं. मान हाताला खरंच छान बसत होती, त्याबद्दल मी माझी पाठ थोपटून घेतली. अडचण एवढीच होती की कुठलं बोट कुठल्या तारेवर आहे ते बघितल्याशिवाय कळत नव्हतं. बघायचं तर गिटारवर ओणवं व्हावं लागे. त्यातून माझा चष्मा दोन नंबरांचा, जवळचं बघायला खालच्या काचेतून बघावं लागतं, म्हणून आणखी ओणवं व्हायचं. असा रोज वाकून वाकून मी एक कॉर्ड बसवला. तो बसला त्याच सकाळी माझी मानही बसली. म्हणजे आखडली. उजवीकडं जाईना, डावीकडं जाईना, खाली तर मुळीच जाईना. सुनंदाला म्हणालो, उशी बदल.

इकडं गंगापूरहून फोन यायचा बंद झाला. आधी विहीणबाई रोज बोलायच्या, साड्यांचे रंग विचारायच्या. आता सुनंदानं लावला तरी कोणी उचलेना. मी म्हणालो ऊसतोड चालू असेल. सुनंदा म्हणाली, ऊस काय विहीणबाई तोडतेत का? मग अमोलचा शीतलला निरोप आला की घरात काहीतरी बिनसलंय, वडील बोलत नाहीत आणि मामा सारखे येऊन बसतात, तुमच्याकडून कोणी काही बोललं का?

शीतल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही माझी मुलगी लहानपणापासून रडकी नाही. पडली तरी आधी गुडघा बघायची, मग ठरवायची. त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा, तुम्ही अमोलच्या घरच्यांना काही बोललात का?"

मी? मी काय बोलणार? असं मी समोरच्या भिंतीला म्हणालो, कारण मान तिच्याकडं वळत नव्हती. तिला वाटलं मी नजर चुकवतोय. ती आत गेली. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. मुलीचं ठरलेलं मोडलं तर कोणाच्या कपाळावर काय लिहिलं जातं ते मला ठाऊक आहे आणि ते बापाच्या कपाळावर लिहिलं जात नाही.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. माणिकराव आणि बबनमामा उतरले. सुनंदा पाण्याचे पेले घेऊन लगबगीनं पुढं झाली तर माणिकराव म्हणाले, पाणी नको. आमच्याकडं शत्रूसुद्धा पाण्याला नाही म्हणत नाही. सुनंदाचा चेहरा उतरला. मी हात जोडले आणि रामराम म्हणालो. हात जुळले, मान जागची हलली नाही.

"बघा दाजी, बघा," बबनमामा माणिकरावांना म्हणाले. "म्या काय म्हणलो व्हतो? रामराम घालताना बी मान तुकवत नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनाही एक मेहुणा आहे. प्रत्येक दाजीच्या नशिबी एक असतोच, माझा फर्दापूरला होता, त्यांचा जीपमधून बरोबर आला होता.

माणिकराव खुर्चीत बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"आम्ही मागितलं काय?" ते म्हणाले. "मान. अन् तुम्ही भर गुलमंडीत माझ्या मानेचं माप काढता?"

मला काही समजेना. मग बबनमामांनी सुरुवात केली. ते त्या दिवशी गुलमंडीत फेटेवाल्याकडं आले होते. (कशाला? आम्ही कुठल्या प्रतीचे फेटे घेतोय त्याची टेहळणी करायला! पण ते विचारायची ती वेळ नव्हती.) तर मामांनी माझं सगळं बोलणं फेट्याआडून ऐकलेलं, आणि आता ते त्यांनी हावभावांसह करून दाखवलं. जाड मान झेपायची नाही, हे सांगताना दाजींच्या मानेकडं बोट केलं. एका हातात आली पाहिजे, हे मूठ आवळून दाखवलं. दाबायला सोपं, इथं ते थोडे थांबले. सळई आणि पाना आल्यावर माणिकरावांचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला.

"अन् शेवटी काय म्हणले?" मामा म्हणाले. "लग्नाआधी कळू देऊ नका, एकदम स्टेजवरच. बैठकीत बी म्हणले व्हते ना, त्या दिवशी बघालच म्हणून?"

सुनंदा माझ्याकडं बघत होती. आतल्या दारात शीतल येऊन उभी राहिली होती. मला एकदम सगळं उलगडलं, आणि उलगडल्यावर माणसानं एका शब्दात सांगून मोकळं व्हावं की नाही? पण मी पडलो शाळेत मराठीत पहिला आलेला. मी व्याकरणात शिरलो.

मी म्हणालो, इवाई (आमच्याकडं व्याह्याला असंच म्हणतात), तुमची गफलत होतेय. मान दोन असतात. तो मान, पुल्लिंगी, म्हणजे आदर. ती मान, स्त्रीलिंगी. मी काही तो मान म्हणालो नव्हतो. मी 'ती' मान म्हणालो होतो.

बबनमामा हळूच उठून उभे राहिले.

"ती?" ते म्हणाले. "म्हंजे आमच्या ताईची?"

यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगतो. माणिकराव उठले, जीपची किल्ली त्यांनी हातात घेतली. मी नाही नाही म्हणत हात हलवत होतो, कारण नाही म्हणायला मान हलत नव्हती. मामा म्हणाले, आता हात उगारायले. सुनंदा देवघरातल्या देवांकडं बघायला लागली. आणि शीतल पुढं आली.

"बाबा," ती म्हणाली. "कोणाची मान? एकदा सांगून टाका."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून माझं सगळं व्याकरण गळालं.

"गिटारची," मी म्हणालो.

"कशाची?" हे सुनंदा. आणि खरं सांगतो, गंगापूरच्या दोघांचा राग मिळून जेवढा होता, तेवढा तिच्या एका शब्दात होता.

मी गच्चीवर पळालो, टाकीमागून गिटार काढली आणि खाली आणून माणिकरावांच्या हातात दिली. त्यांनी ती कोंबडी धरावी तशी मानेला धरली. ही मान, मी सांगितलं. ही जाड असली की माझी बोटं पोचत नाहीत. ही बारीक असली की तारा दाबायला सोपं. हिच्यात सळई असते. संगीतच्या दिवशी तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून लपवलं. माणिकरावांनी मानेच्या टोकाचं झाकण उघडून आत डोकावून बघितलं. सळई होती. पण मामांचं समाधान झालं नव्हतं. ते म्हणाले, वाजवून दाखवू द्या की मग, खरंखोटं कळंल.

मी बसलो. गिटार मांडीवर घेतली. बोटं कुठं ठेवायची ते बघायला खाली वाकायला गेलो तर मान जाईना. डोळे मी शक्य तेवढे खाली वळवले, तरी फक्त माझं नाक दिसलं. शीतलला कळलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक बोट धरून तारांवर ठेवायला लागली. "हे इथं का बाबा? का खाली?" मी म्हणालो खाली. लहानपणी तिला मी असाच पेन्सिल धरायला शिकवत होतो, ते मला आठवलं. मग मी डोळे मिटले आणि उजव्या हातानं तारा छेडल्या.

स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला.

माणिकरावांनी थोडा वेळ वाट बघितली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांची ती जाड मान हलायला लागली. आधी मला वाटलं, संपलं, आता तुटली ही सोयरीक. पण ते हसत होते! हसू वर यायला त्या मानेतून जागाच नव्हती, म्हणून उशीर लागत होता. आलं तेव्हा असं आलं की जीपमध्ये बसलेला ड्रायव्हर आत डोकावून गेला. शीतल जमिनीवर बसल्याबसल्या हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी त्या क्षणी कोणाच्याही पाया पडायला तयार होतो, वाकता येत असतं तर.

"बबन," माणिकराव मेहुण्याला म्हणाले, "फेटा डोक्याला बांधत व्हता का कानाला?"

मग ते सुनंदाकडं वळून म्हणाले, पाणी द्या की हो ताई. सुनंदानं पाणी दिलं, चहा दिला, पोहे दिले. पाहुणे जाईपर्यंत ती मला काही बोलली नाही. गेल्यावर बोलली. ते इथं देत नाही.

संगीतला मी गिटार वाजवली नाही. तोवर डॉक्टरांनी माझ्या गळ्याला पांढरा जाड पट्टा घातला होता आणि शीतल काही स्वतःच्या लग्नात बापाची बोटं धरायला स्टेजवर बसणार नव्हती. बबनमामांनी ढोलकी वाजवली. ती इतकी वाईट वाजली की मला माझ्या कॉर्डबद्दल थोडा अभिमान वाटला. गिटार आता आमच्या न्हाणीघराबाहेर टांगलेली असते. सुनंदा तिच्या मानेवर ओला टॉवेल वाळत घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की टॉवेलाला ही मान अगदी बरोबर बसती, लई बघून घेतलीय आमच्या ह्यांनी.

लग्न मात्र देखणं झालं. आहेर झाले, फेटे झाले, चुलत आजोबांच्या फोटोलासुद्धा फेटा झाला. मुलीच्या बापानं मांडवात कसं वागायचं ते ठरलेलं असतं, मान खाली घालून हिंडायचं आणि ज्याला त्याला काय हवं नको विचारायचं. मी पट्टा आवळून, फेटा चढवून, हनुवटी वर करून मांडवाच्या छताकडं बघत उभा होतो. शीतल पाया पडायला वाकली ती मला दिसलीच नाही. ती उठून समोर आली, तिनं माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला, तेव्हा दिसली आणि मग काही वेळ काहीच दिसेना.

तेवढ्यात माणिकराव माझ्या खांद्यावर हात टाकून आपल्या पाहुण्यांना मोठ्यानं सांगायला लागले, "आमचे इवाई बघा. पोरीचा बाप असून मान कशी ताठ! उभ्या गंगापुरात असा गडी दाखवा." पाहुणे कौतुकानं माझ्याकडं बघायला लागले. इतक्या लोकांसमोर एवढी स्तुती ऐकून मला फार संकोचल्यासारखं झालं आणि मी विनयानं मान खाली घालायला गेलो. ती जाईना.